इथली वाइन, इथली बिअर : घेताना काय बघायचं

काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं, "इंपोर्टेड दाखवा, चांगली हवीय." पैसे तुमचे, घसा तुमचा. पण हजार-बाराशेच्या परदेशी बाटलीत मोठा वाटा आयातशुल्काचा आणि वाहतुकीचा असतो. तेवढ्याच पैशांत दिंडोरी, निफाड, इगतपुरी किंवा अकलूजकडची वरच्या दर्जाची वाइन येते.

ही द्राक्षं म्हणजे आपण खातो ती थॉमसन नव्हेत. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळ धरण्यासाठी फळछाटणी आणि तोडा वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्च.

म्हणून लेबलवर तोडणीचं वर्ष आधी बघा. शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन तोडणीपासून दोन वर्षांत संपवलेल्या बऱ्या. 'जुनी तेवढी भारी' हे त्यांना लागू नाही. शिराझ, कॅबरने या रेड वाइन थोडी जास्त थांबतात. फिरवून उघडायचं झाकण दिसलं की नाक मुरडू नका, ताज्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचंच.

रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती थंड देशातली खोली. नाशिकच्या मे महिन्यात रेडही तासभर फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंश पुरे. पांढरी ८ ते १० अंशांवर. उन्हात मांडलेली बाटली घेऊच नका, आमच्या शोकेसमधलीसुद्धा.

बिअरच्या बाबतीत 'स्थानिक' हा शब्द आम्ही जपून वापरतो. बिअरचे जव बहुतेक राजस्थान-हरियाणाकडचे, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) परदेशातून आलेले. इथलं असतं ते पाणी, बनवणाऱ्याचा हात आणि कमी अंतर. हे अंतरच कामाचं, कारण हॉप्सचा वास लवकर उडतो. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली, त्यानंतर तिथे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणात बनवलेली बिअर, करणारे बरेच झाले. पाश्चराइज न केलेली, म्हणजे टिकण्यासाठी तापवून न घेतलेली, बिअर घेतलीत तर थेट फ्रिजमध्ये टाका. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली की गेली. उत्पादनाची तारीख वाचा, दोन-तीन महिन्यांच्या आतली निवडा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला उजेड लागला की उग्र वास येतो, तपकिरी बाटलीत ती भीती कमी.

वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब आहे. उरलेली वाइन बाटलीसकट, बिलासह परत आणा, बदलून देऊ.

२१ वर्षांखालील कुणालाही विक्री नाही. मद्यसेवनाचा परवाना नसेल तर एक दिवसाचा दुकानातच मिळेल.