टॅक्सी नियमन (महाराष्ट्र)

टॅक्सी नियमन : चालकासह भाड्याने मिळणाऱ्या मोटारगाडीचा परवाना, चालकाची पात्रता, भाड्याचा दर आणि उतारूंबाबतची कर्तव्ये ठरवणारे कायदे व नियम. भारतात त्यांचा पाया मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. तो १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ आहेत. दर ठरवणे, परवाने देणे, गाडीचा रंग आणि चालकाचा गणवेश या रोजच्या गोष्टी राज्याच्या हातात असतात. म्हणूनच मुंबईची टॅक्सी आणि पणजीची टॅक्सी एकाच केंद्रीय कायद्याखाली धावत असली, तरी दोन्हीकडचा अनुभव अगदी निराळा असतो.

या नियमांचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. दुकानात भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. रात्री अकराला पावसात दादर स्टेशनबाहेर सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तसे करता येत नाही. समोर येईल ती गाडी आणि चालक सांगेल तो भाव, एवढेच त्याच्या हाती राहते. त्यामुळे रस्त्यात हात केल्यावर थांबणाऱ्या गाडीचा दर सरकारने ठरवायचा, आणि त्या दरात भाडे नाकारायचे नाही, अशी जोडअट जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत दिसते. आधी बोलून ठरवलेल्या गाडीला मात्र ही अट नसते, कारण तिथे घासाघीस करायला वेळ असतो. लंडनमध्ये हा भेद कायद्यातच आहे : काळी टॅक्सी रस्त्यावरून उतारू घेऊ शकते, तर १९९८ च्या कायद्याखाली आलेली खासगी भाड्याची गाडी फक्त आगाऊ नोंदणीवर. भारतात हाच भेद मीटरची टॅक्सी आणि टुरिस्ट टॅक्सी असा आहे.

मुंबईत मोटारीच्या आधी घोडागाडीचे नियमन झाले. शहरातल्या भाड्याच्या वाहनांसाठी १८६३ साली कायदा झाला, त्याच्या जागी १९२० मध्ये दुसरा आला. ‘व्हिक्टोरिया’ म्हटल्या जाणाऱ्या घोडागाडीला परवाना याच कायद्यांखाली लागे. पुढे गेटवेजवळ हौसेच्या फेऱ्यांपुरत्या उरलेल्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हाही १९२० चा कायदा चर्चेत आला होता. मोटार टॅक्सी शहरात १९११ मध्ये आली. मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आजचा १९८८ चा.

कायद्याच्या भाषेत टॅक्सी म्हणजे ‘मोटार कॅब’ : चालक सोडून जास्तीत जास्त सहा उतारू भाड्याने नेणारी गाडी. सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत उतारू नेणारी ती ‘मॅक्सी कॅब’. दोन्ही कंत्राटी वाहतुकीत मोडतात, म्हणजे गाडी एका ठरावाने पूर्ण घ्यायची आणि वाटेत माणसे चढवायची-उतरवायची नाहीत. थांब्याथांब्यावर उतारू घेत जाणे ही टप्पा वाहतूक. तिचा परवाना वेगळा असतो आणि महाराष्ट्रात ती मुख्यतः एसटीकडे आहे. मग चर्चगेट किंवा दादरला चार अनोळखी माणसे आपापले पैसे देऊन एकाच शेअर टॅक्सीत बसतात, ते कसे चालते? व्याख्येच्या शेवटी एक छोटे शेपूट आहे : उतारूंकडून वेगवेगळे भाडे घेतले तरीही मोटार कॅब हे कंत्राटी वाहनच समजायचे. शेअर टॅक्सीचा कायदेशीर आधार या एका वाक्यात आहे. कोणत्या रांगेतून कुठवर जायचे आणि डोईमागे किती घ्यायचे, हे पुढे स्थानिक परिवहन प्राधिकरण ठरवते.

परवाना गाडीला मिळतो आणि बिल्ला चालकाला. ही दोन कागदपत्रे वेगळी आहेत, आणि टॅक्सीधंद्यातल्या निम्म्या भानगडी या फरकातून उपजतात. परवाना पाच वर्षांचा असतो, मुंबई परिसरात तो मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. परवानाधारक वारला तर वारसाला तीन महिने गाडी चालवता येते, तेवढ्यात नाव बदलून घ्यावे लागते. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्रात १९९७ पासून नवे परवाने गोठवले गेले आणि २०१७ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मधल्या वीस वर्षांत लोकवस्ती वाढली, गाड्या वाढल्या, परवाने मात्र तेवढेच राहिले. जो कागद विकायला बंदी होती त्यालाच बाजारभाव आला. परवाना एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, आणि दुसऱ्याने पहिल्याला रोजची ठरलेली रक्कम द्यायची, ही पद्धत त्या काळात घट्ट झाली. उतारू मिळो न मिळो, ती रक्कम द्यावीच लागते, म्हणून जवळचे भाडे चालकाच्या जिवावर येते. भाडे नाकारण्यामागे उर्मटपणापेक्षा हा हिशेब जास्त वेळा असतो.

गणवेशातही हा फरक दिसतो. स्वतःची गाडी चालवणारा परवानाधारक पांढऱ्या कपड्यांत, दुसऱ्याची चालवणारा खाकीत.

बिल्ल्यासाठी वाहन चालवण्याचा परवाना, किमान वीस वर्षे वय, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. महाराष्ट्रात त्यावर आणखी दोन अटी आहेत : राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान. मराठीची अट नियमात जुनीच आहे, राजकारणात ती अधूनमधून नव्याने सापडते. जानेवारी २०१० मध्ये राज्य सरकारने टॅक्सी परवान्यासाठी तिची घोषणा केली आणि गदारोळ झाल्यावर हिंदी-गुजरातीही चालेल असा खुलासा केला. रिक्षा परवान्यासाठी काढलेले मराठीसक्तीचे परिपत्रक २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. हलक्या मोटारीचा साधा परवाना असलेल्याला टॅक्सीसाठी वेगळी नोंद लागते का, हा वाद विमा कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तशी नोंद लागत नाही, असे २०१७ च्या निकालात म्हटले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. अपघातानंतरची भरपाई या मुद्द्यावर अडत असे, म्हणून तो निकाल वाटतो त्याहून मोठा आहे.

मीटर हा या साऱ्या व्यवस्थेचा गाभा. जुन्या प्रीमियर पद्मिनीवर तो बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला बसवलेला असे. उतारू बसला की चालक आडवा होऊन डाव्या खिडकीतून हात बाहेर काढी आणि उभी पट्टी खाली पाडी. ‘मीटर डाऊन’ हा मुंबईचा शब्द त्या हालचालीतून आला. गाडी भाड्याला न्यायची नसेल तर मीटरवर फडके बांधलेले असे. पट्टी पडल्यावर आत दातेरी चाके फिरू लागत, पण त्यांच्यावरचा आकडा म्हणजे भाडे नव्हे. दर वाढला की हजारो मीटर उघडून चाके बदलणे परवडणारे नव्हते. त्यामुळे आकडा जुन्या दराचाच राही आणि नवे भाडे छापील दरपत्रकात पाहावे लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात मीटरवरच्या आकड्याला तेरा-चौदाने गुणले की भाडे साधारण निघे. मुंबईकर ते तोंडी करी. बाहेरगावचा पाहुणा दरपत्रक मागे, आणि कधी कधी त्याच्या हाती रात्रीच्या दराचे पत्रक पडे. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि हा गुणाकार संपला. तरी दरवाढीनंतर मीटर नव्याने जुळवेपर्यंत काही आठवडे दरपत्रक लागतेच. जुळवलेला मीटर वैधमापन विभागाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो, तराजू-काट्यांची तपासणी करणारे तेच खाते. त्याशिवाय ठरलेल्या अंतरावर गाडी प्रत्यक्ष चालवून मीटर पाहिला जातो.

दर कसा काढायचा याचे सूत्र २०१२ मध्ये हकीम समितीने दिले. इंधन, गाडीची किंमत, दुरुस्ती, विमा आणि राहणीमानाचा खर्च त्यात धरला होता. त्यावर आक्षेप आल्यावर खटुआ समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी २०२० मध्ये स्वीकारल्या गेल्या. सूत्र असूनही दरवाढ वेळेवर होत नाही. २०१५ मध्ये टॅक्सीचे किमान भाडे २२ रुपये झाले, ते २०२१ पर्यंत तसेच राहिले. मार्च २०२१ मध्ये २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, अशा पुढच्या पायऱ्या. किमान भाडे दीड किलोमीटरचे असते आणि त्यापुढे किलोमीटरला २०.६६ रुपये. हे दोन आकडे वेगळे वाटतात, पण २०.६६ ची दीडपट ३१ च भरते. म्हणजे सुरुवातीचा असा वेगळा आकार नाहीच, नुसती दीड किलोमीटरची किमान खरेदी आहे. या दराने पाच किलोमीटरला सुमारे १०३ रुपये पडतात. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत २५ टक्के जास्त, म्हणजे तेच अंतर १२९ रुपयांना.

वाजवी कारणाशिवाय भाडे नाकारणे हा गुन्हा आहे. टॅक्सीसाठी त्याचा दंड पूर्वी २०० रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० झाला. रिक्षाचा ५० रुपयेच राहिला. मुंबईत आजच्या दराने रिक्षाच्या दोन किमान भाड्यांइतकाही तो होत नाही, तेव्हा त्याचा धाक कोणाला वाटावा हा प्रश्नच आहे. चालकाची इतर कर्तव्ये साधी आहेत : मीटर टाकणे, जवळच्या रस्त्याने नेणे, बिल्ला दिसेल असा लावणे, गाडीत विसरलेली वस्तू पोलीस ठाण्यात जमा करणे.

गाडीबाबतच्या अटींत योग्यता प्रमाणपत्र पहिले. धंद्यात त्याला कोणी हे नाव देत नाही, ‘गाडी पासिंगला लावली’ असेच म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांचे मिळते, पुढे दरवर्षी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे ही भाड्याच्या गाडीची खूण. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती चालकाविना भाड्याने दिलेली गाडी. विजेवरच्या भाड्याच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून नियमानेच गेली. काळा-पिवळा रंग मात्र नव्या गाड्यांवर राहिला. २०१९ पासून नव्या टॅक्सींना ठावठिकाणा दाखवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण बंधनकारक आहे.

टुरिस्ट टॅक्सीला मीटर नसतो. दिवसाचे किमान किलोमीटर, त्यावरचा दर, चालकाचा भत्ता, टोल आणि रात्रमुक्काम हे सारे मालक-गिऱ्हाइकात ठरते. राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरण्याची पूर्वीची कटकट २०२१ मधल्या अखिल भारतीय परवान्याच्या नियमांनी कमी केली, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले. पांढऱ्या पाटीची घरची गाडी लग्नसराईत भाड्याने देणे मात्र परवान्याविना वाहतूक ठरते. त्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला आयते निमित्त मिळते.

मुंबईबाहेर शब्दांचे अर्थही बदलतात. मराठवाडा-विदर्भात ‘काळीपिवळी’ म्हणजे टॅक्सी नव्हे, तर तालुक्याच्या गावाकडे माणसे भरून जाणारी जीप, कायद्याने मॅक्सी कॅब. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अशाच वाहतुकीला ‘वडाप’ म्हणतात. एसटीच्या थांब्यावरूनच ती उतारू उचलते. कंत्राटी परवान्यावर टप्पा वाहतूक केल्याचा हा ठळक नमुना आहे. कारवाई होते, दंड भरला जातो आणि गाडी पुन्हा त्याच थांब्यावर लागते, कारण तिथली एसटी तासाभराने असते.

गोव्यात मीटरच्या सक्तीला टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. पर्यटन विकास महामंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या ‘गोवामाइल्स’ ॲपवरूनही तिथे मोठा वाद पेटला. त्याच गोव्यात मोटारसायकलवरून उतारू नेणारे ‘पायलट’ कितीतरी वर्षे परवान्याने धंदा करतात. पुढच्या चाकावरचा मडगार्ड पिवळा असला की ती पायलटची गाडी.

ॲपवरच्या टॅक्सीने मीटरची गाडी आणि ठरावाची गाडी यांमधली रेघ पुसली. परवाना टुरिस्ट गाडीचा, पण ती दोन मिनिटांत रस्त्यावर हजर होते. तिला ठरावाची गाडी म्हणावे तर भाव कंपनी ठरवते, उतारू किंवा चालक नव्हे. महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये शहर टॅक्सी नियम काढले, त्यांना न्यायालयात आव्हान मिळाले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांना परवाना घेणे केंद्रीय कायद्यानेच बंधनकारक केले. मे २०२५ च्या राज्याच्या धोरणात गर्दीच्या वेळचा भाव मूळ दराच्या दीडपटीपर्यंत आणि सवलत २५ टक्क्यांपर्यंत बांधली आहे. भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा चालकाला द्यायचा आहे. चालकाने फेरी रद्द केली तर त्याला भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा भुर्दंड. उतारूने केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये. पुढे जुलै २०२५ मध्ये या गाड्यांच्या चालकांनीच मुंबईत संप केला. त्यांची प्रमुख मागणी होती : आम्हालाही काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या मीटरइतका दर द्या.