एकट्याची खोली म्हणजे अभ्यास नव्हे

‘पोरगं हॉस्टेलला गेलं की हातचं गेलं, अभ्यास हवा तर स्वतंत्र खोली बघा,’ हा सल्ला बारावीच्या निकालानंतर दरवर्षी घरोघरी फिरतो. त्यात फारसं तथ्य नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, ते मुलांना शिकता यावं म्हणूनच. तिथल्याच जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात स्वतःचं वसतिगृह सुरू केलं.

एकट्याच्या खोलीत दार लावलं की उरतो तो मोबाइल. आठवडाभर लेक्चर बुडवलं तरी विचारणारं कुणी नाही. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंग शीटची ‘जीटी’ म्हणजे ग्लास ट्रेसिंग मारणारेही असतात (याला अभ्यास म्हणू नये!), पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय विचारतात हे सांगणारा सीनियरही तिथेच, दोन खोल्या सोडून भेटतो.

गोंगाट मात्र खरा. तो विंगेगणिक बदलतो, म्हणून खोली बघायला भर दुपारी जाऊ नका. मेसच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेला जा. अभ्यासिका कधी बंद होते, परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत उघडी ठेवतात का, कॉलेज चालत गाठता येतं का, हे तिथे राहणाऱ्या मुलांनाच विचारा. रॅगिंगची धास्ती असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असतं. तशी सोय आहे का, हे रेक्टरना थेट विचारा.