खिळ्यांचा धातू : शिसे-कथिलाचे प्रमाण

छपाईच्या अक्षरांचे खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूत ओतले जात. ऑफसेट (पत्र्यावरून होणारी, बिनखिळ्यांची छपाई) येईपर्यंत धुळे, जळगाव, अमळनेरचे छापखाने याच खिळ्यांवर चालले. साने गुरुजींचे ‘काँग्रेस’ साप्ताहिक (१९३८) त्याच काळातले.

शिसे स्वस्त, ३२७° से.ला वितळणारे, पण मऊ. नुसत्या शिशाचे अक्षर दाबाखाली चेपते. अँटिमनीने कठीणपणा येतो आणि ठिसूळपणाही. कथील (वितळबिंदू २३२° से.) रस पातळ करून साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचवते, शिवाय चिवटपणा देते. देवनागरीला या चिवटपणाची गरज जास्त. अखंड (अक्षर आडव्या तुकड्यांत न विभागलेल्या) खिळ्यांत वेलांटी किंवा रफार खिळ्याच्या अंगाबाहेर झुकलेला असतो. कथील कमी पडले की तोच आधी तुटतो. तिन्हींत महाग कथीलच, त्यामुळे काटकसरही तिथेच होई. थिजताना हा धातू फुगतो म्हणून अक्षर रेखीव उठते, ही समजूत चुकीची आहे. तो आकसतोच, फक्त शिशापेक्षा कमी.

लायनोटाइपसाठी (अख्खी ओळ एकसंध ओतणारे यंत्र) साधारण ४% कथील, १२% अँटिमनी आणि उरलेले शिसे असा धातू चाले. तो सुमारे २४०° से.ला थिजतो. मोनोटाइपला (एकेक अक्षर सुटे ओतणारे यंत्र) आणि हातजुळणीच्या खिळ्यांना कथील, अँटिमनी दोन्ही जास्त लागत.

प्रत्येक वितळणीत कथील आणि अँटिमनीचा काही भाग मळीत (रसावर तरंगणाऱ्या गाळात) जातो, म्हणून प्रमाण पुन्हा जुळवावे लागते. १०० किलो धातूत कथील ३% वर आले असेल आणि ४% हवे असेल, तर १ किलो नव्हे, सुमारे १.०४ किलो घालावे लागते, कारण घातलेल्या कथिलाने एकूण वजनही वाढते. त्याने अँटिमनीचा टक्का किंचित उतरतो. म्हणून दोन्ही भरपूर असलेला पूरक धातू घालणे सोयीचे. मळी काढण्याआधी राळ टाकून ढवळले, तर तिच्यात अडकलेला धातू बराचसा सुटतो.

लहान छापखाने खिळे ओतत नसत. झिजलेले खिळे वजनावर मोडीत देऊन नवे घेत. प्रमाण बिघडायचे ते बहुधा या मोडीच्या पेटीत. ओळींमध्ये घालायच्या मऊ शिशाच्या पट्ट्या तिच्यात पडल्या की कथिलाचे प्रमाण उतरे. ते भरून काढता येते. चित्रांच्या जस्ती ब्लॉकचा तुकडा मात्र घातक. थोड्याशा जस्तानेही रस दाट होतो, साचा नीट भरत नाही आणि सगळी कढई वाया जाते. म्हणून मोड वितळवण्याआधी हाताने निवडून घेत.