हाताच्या ऑपरेशननंतर बोटं हलवायची की नाही?

टाके काढायला आलेला पेशंट दारातूनच ओळखू येतो. गळ्यात झोळी, सुजून टम्म झालेली बोटं, आणि सोबतचं माणूस कौतुकानं सांगतं, "डॉक्टर, बारा दिवस बोट हलू दिलं नाही बघा!" तिथंच आमचं आणि तुमचं काम वाढतं.

ट्रिगर फिंगरमध्ये, म्हणजे अडकणाऱ्या बोटात, बोट मिटवणारी शीर (रक्ताची नव्हे, बोट ओढणारी दोरी) तळहातातल्या ज्या कड्यातून सरकते, ते आम्ही उघडतो. मुंग्यांच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे मनगटातली नस दाबून हाताला मुंग्या येतात तेव्हाच्या (कार्पल टनेल), त्या नसेवरचा ताणलेला पडदा मोकळा करतो. दोन्हीत हाड मोडलेलं नसतं. कातडीशिवाय काही शिवलेलंही नसतं. पट्टी जखमेला आहे, बोटांना नाही. बोटं गप्प ठेवली की सूज तिथंच मुरते, मोकळी केलेली शीर पुन्हा चिकटू लागते, आणि दोन आठवड्यांत सुटणारा माणूस दोन महिने व्यायामाला खेटे घालतो.

म्हणून त्याच संध्याकाळपासून, जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ मिटा, पूर्ण उघडा. थोडं दुखेल. हात छातीच्या वर ठेवा, झोपताना उशीवर. ठणका वाढत गेला, पू किंवा ताप आला, तर मात्र तारखेची वाट न बघता या.

कोयत्यानं तुटलेली शीर आम्ही जोडली असेल, तर हे तुमच्यासाठी नाही. तिथं सांगितल्याशिवाय बोट हलवलं तर जोड सुटतो.

"इंजेक्शननं भागत नाही का?" ट्रिगर फिंगरमध्ये पुष्कळदा भागतं, आम्हीही बहुतेकांना आधी तेच सुचवतो. डायबेटिस असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस चढते. मुंग्यांचं मात्र फार लांबवू नका. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा एकदा बसला की ऑपरेशननंतरही तो पूर्ण भरेलच असं नाही.

"पंधरा मिनिटांचं ऑपरेशन आणि एवढं बिल?" त्यात पट्ट्या, टाके काढणं आणि व्यायामाच्या दोन बैठका धरलेल्या आहेत. बैठका बुडवल्या तर पैसे तुमचेच बुडाले.

तासगाव, पलूसकडच्या बागायतदारांनी छाटणी तोंडावर आल्यावर येऊ नये. कात्री जोरात दाबायला साधारण दीड महिना लागतो, तेवढा धरूनच तारीख घ्या. अंगठ्या घरीच काढून या; सुजलेल्या बोटातली अंगठी कापावी लागते, आणि सोनं कापताना आमचाही हात कचरतो.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला याल, तेव्हा आधी मूठ मिटून दाखवायची आहे. पट्टी नंतर.