कालव्याच्या तळाला अन् काठाला पाण्याचा घासा सारखाच बसतो? नाही ना बाप्पा!

नागपुरात सिव्हिल इंजिनिअरिंगची पोरं अजूनही हेच सांगून राहिली, की शिअर स्ट्रेस (हाच तो घासा, वाहतं पाणी दर चौरस मीटरला जेवढ्या जोरानं घासतं तो) म्हणजे गॅमा-आर-एस (पाण्याचं दर घनमीटर वजन × हायड्रॉलिक त्रिज्या, म्हणजे पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला परिघ × उतार), म्हणजे सगळीकडे तेवढाच. अरे तो फक्त सरासरी आकडा आहे! पेंचच्या कालव्यासारखा तिरप्या काठांचा सेक्शन (आडवा छेद) घ्या, रुंद, पाणी २ मीटर, उतार ५००० ला १, तर तळाच्या मधोमध साधारण ३.८ न्यूटन प्रति चौरस मीटर, काठावर जास्तीत जास्त २.९ च्या आसपास अन् तळ-काठाच्या कोपऱ्यात जवळपास शून्य, तिथं पाणी मंदावतं म्हणून गाळ बसतो.

मग मातीचा काठच आधी काहून ढासळतो? कारण उतारावरच्या कणाला त्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, कमी घासाही पुरतो. म्हणून डिझाइन करताना तळ अन् काठ वेगवेगळे तपासा.