पान लागलं तर

आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, आणि ते चावलं तर ‘पान लागलं’. या भीतीला कारण आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, आणि जवळपास निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांत मण्यार सगळ्यांत फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बऱ्याचदा ना वेदना, ना सूज. दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस पोटात कळ येऊन उठतो आणि घरचे त्याला ओवा देतात. मग पापण्या आपोआप मिटायला लागतात, घोट गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. म्हणून जमिनीवर झोपलेलं कुणी असं उठलं आणि त्याला डोळे उघडे ठेवता येत नसतील, तर खूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. ती एकदा गेली की इंजेक्शनने परत येत नाहीत. नवी फुटेपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागतात. वेळेवर पोचलेला माणूस मात्र त्यातूनही उठून घरी येतो.

घोणस रक्त गोठवणारे घटक वापरून संपवते. डॉक्टर थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर विष भिनलेलं आहे. अशा माणसाच्या जखमेवर ब्लेडने चीर दिली तर काय होईल, याचा विचार करा.

घट्ट दोरीही बांधू नये. विष तिने थांबत नाही, रक्तपुरवठा मात्र तुटतो आणि हातपाय सडू शकतो. विषातले बरेच रेणू मोठे असतात. ते लसीकावाहिन्यांतून, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पुढे सरकतात आणि स्नायू हलले की वेग घेतात. त्यामुळे खरा उपाय एकच, चावलेला अवयव हलू न देणं. पायाला चावलं असेल तर मिटलेली छत्री किंवा फळी पायालगत धरून ओढणीने सैलसर बांधा, आत एक बोट सहज जाईल इतपत. सूज चढण्याआधी जोडवी, पैंजण, अंगठ्या, बांगड्या काढा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. माणसाला चालवू नका. गाडी नसेल तर मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण आणि मागे धरून बसणारा, असं न्या. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

कडुनिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष नाही, हा समज अजून टिकून आहे. मांत्रिकाचे रुग्ण बरे होतात ते धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप चावलेले असतात म्हणून, किंवा विषारी सापाने विष सोडलेलं नसतं म्हणून. मण्यार आणि कवड्या तर कंदिलाच्या उजेडात सारखेच दिसतात. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास मला सगळ्यांत जास्त सलतो.

प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, घोड्यांच्या रक्तापासून तयार होतं. लोक त्यालाच ‘लस’ म्हणतात, आणि आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस देतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. आईवडील ‘एवढ्याशा पोराला इतकी इंजेक्शनं?’ म्हणून घाबरतात, तेव्हा त्यांना हे सांगायला हवं.

तयारी मात्र पहिल्या पावसाआधीच करायची. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात लस आहे आणि व्हेंटिलेटर कुठे आहे, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारून ठेवा. 108 नंबर घरातल्या पोरांनाही पाठ हवा. सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब न्या, बॅटरीत सेल घाला. खाट नसेल तरी मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चटईखाली चारही बाजूंनी खोचून झोपा.