मॅकइवन यांची कुत्री आणि हाडाचा कॅन्सर

ग्रेट डेन किंवा रॉटवायलरसारखं थोराड कुत्रं सात-आठ वर्षांचं होतं आणि एके दिवशी पुढचा पाय टेकेनासं होतं. घरच्यांना वाटतं, मुरगळला असेल. एक्स-रे काढला की कधीकधी मनगटाच्या वरचं हाड पोखरलेलं दिसतं. हा ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. माणसांत तो बहुतेकदा वाढीच्या वयातल्या मुलामुलींना गाठतो, तोही गुडघ्याच्या आसपास. दोघांच्या गाठींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मुलाचा कोणता आणि कुत्र्याचा कोणता हे सांगणं कठीण.

फरक आहे तो संख्येत आणि वेळेत. अमेरिकेत हा आजार वर्षाला जेमतेम हजार माणसांना होतो, कुत्र्यांना त्याच्या किमान दहापट. शिवाय निदान होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांच्या फुप्फुसांत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या असतात, त्यामुळे नुसता पाय कापून बहुतेकांना वर्षही मिळत नाही. म्हणजे एखादं औषध उपयोगी आहे का, हे वर्ष-दोन वर्षांत कळतं. मुलांच्या बाबतीत त्याच उत्तरासाठी कितीतरी वर्षं थांबावं लागतं.

उंदरांवर प्रयोग होतातच, पण उंदराला कॅन्सर मुद्दाम दिलेला असतो. माणसाची गाठ त्याच्या अंगात रुजावी म्हणून अनेकदा त्याची प्रतिकारशक्तीही मोडलेली असते. घरातल्या कुत्र्याला मात्र कॅन्सर आपला आपणच होतो. ते आपल्याच घरात, आपल्याच हवेत जगतं आणि त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते. प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध तपासायचं असेल, तर हा मुद्दा कळीचा ठरतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले पशुवैद्य ग्रेगरी मॅकइवन यांनी १९८०च्या दशकात नेमकं हेच केलं. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतल्या एका तुकड्यासारखा रेणू त्यांनी चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून कुत्र्यांना शिरेतून दिला. फुप्फुसांतल्या भक्षक पेशींना वाटावं की जंतू शिरलेत, आणि चवताळून उठल्यावर त्यांनी कॅन्सरच्या पेशीही फस्त कराव्यात, अशी कल्पना होती. १९८९मध्ये निष्कर्ष छापून आले. पाय कापल्यानंतर हे औषध मिळालेल्या कुत्र्यांच्या जगण्याचा मध्यक (निम्मी त्याहून जास्त जगली, निम्मी कमी) २२२ दिवस होता, न मिळालेल्यांचा ७७ दिवस. कुत्र्यांची संख्या तिसाच्या आतच होती, पण फरक डोळ्यांत भरणारा होता. पुढे मुलांना आणि तरुणांना केमोच्या जोडीने हे औषध दिलं, तेव्हा सहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं. युरोपने २००९मध्ये त्याला परवानगी दिली, अमेरिकेने दिली नाही. आठ टक्के हा आकडा मला लहान वाटत नाही. शंभरातली आठ मुलं आहेत ती.

पाय न कापता फक्त रोगट हाड काढून तिथे दात्याचं हाड बसवण्याची शस्त्रक्रियाही कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात स्टीफन विथ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर घोटून घेतली. त्या अनुभवाचा फायदा मुलांच्या सर्जननाही झाला.

२००५मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाल्यावर आणखी एक दार उघडलं. एका जातीची कुत्री जनुकांनी एकमेकांच्या फार जवळची असतात, त्यामुळे दोषी जनुक शोधणं सोपं जातं. स्कॉटिश टेरियरला मूत्राशयाचा कॅन्सर इतर कुत्र्यांहून कितीतरी जास्त होतो. कुत्र्यांच्या या कॅन्सरमध्ये बहुतेकदा बीआरएएफ या जनुकात जो बदल सापडतो, तोच माणसाच्या मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही आढळतो. आता तो कुत्र्याच्या लघवीतूनही तपासता येतो.

कुत्र्याची संमती घेता येत नाही, ही बोच राहतेच. पण इथे कुणी त्याला आजारी पाडलेलं नसतं आणि होकार देतो तो त्याच्यावर जीव लावणारा माणूस. ही चौकट ढिली होता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत २०१२पासून तीन हजारांहून जास्त गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा जन्मभर पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू आहे. नोंदणीच्या वेळी ती सगळी दोन वर्षांच्या आतली आणि धडधाकट होती. दरवर्षी त्यांचं रक्त, लघवी, केस आणि नखांची कात्रणं जपून ठेवली गेली. त्यातल्या अनेकांना पुढे कॅन्सर झाला आणि ती गेली. गाठ दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं त्यांचं रक्त मात्र शीतपेट्यांत आहे, तपासायला तयार.